रिकाम्या जागा, भरलेले मांडव

महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषद शाळेच्या वर्षात आता कार्यक्रमांना तोटा नाही. जूनमध्ये प्रवेशोत्सव, त्याआधी ‘पहिले पाऊल’चा शाळापूर्व तयारी मेळावा, महिन्याच्या महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद, ५ सप्टेंबरचे सत्कार, ३ जानेवारीची सावित्रीबाईंची जयंती, शनिवारचे आनंददायी उपक्रम आणि मधेच एखाद्या स्पर्धेसाठी भिंतींना रंग. प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो काढून वर पाठवायचे असतात. एवढ्या सगळ्या व्यासपीठांवर एक प्रश्न मात्र कोणी काढत नाही: या शाळेत मंजूर शिक्षक किती, हजर किती आणि उरलेली जागा नेमकी कुठे अडली आहे?

माझे म्हणणे असे की, शिक्षकाच्या रिकाम्या जागेचा हिशेब शाळेच्या भिंतीवर आणि ग्रामसभेत उघड मांडला गेला पाहिजे आणि शिक्षणाच्या नावाने भरणाऱ्या प्रत्येक सभेत तो पहिल्यांदा वाचला गेला पाहिजे. आज भरती चालते कार्यालयांत आणि न्यायालयांत, सभा चालतात मांडवात, आणि दोन्हींची गाठ पडत नाही. ती का पडावी आणि कशी पाडावी, याचे मुद्दे पुढे मांडतो.

मुद्दा १. दहा टक्के कुठले?

शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०पासून. त्यातल्या मोफत प्रवेशांच्या पंचवीस टक्क्यांवर दरवर्षी वर्तमानपत्रांत रकाने भरतात. कलम २६ मात्र बिचारे कोपऱ्यात पडून आहे. सरकारी किंवा सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेतल्या शिक्षकांच्या रिक्त जागा मंजूर पदांच्या दहा टक्क्यांवर जाणार नाहीत, ही जबाबदारी ते नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्यावर टाकते.

यातला शब्द नीट वाचायला हवा. कायदा शाळेतल्या रिक्त जागांबद्दल बोलतो. जिल्ह्याच्या किंवा राज्याच्या सरासरीचा त्यात उल्लेख नाही. आता गणित करू. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जागा रिकामी झाली की रिक्त पदे पन्नास टक्के. चार शिक्षकांच्या शाळेत पंचवीस टक्के. दहापेक्षा कमी मंजूर पदे असलेल्या कुठल्याही शाळेत एक जागा जरी रिकामी पडली, तरी कायद्याची मर्यादा ओलांडली गेली. आणि आपल्या बहुसंख्य प्राथमिक शाळा तर दोन-चार शिक्षकांच्याच आहेत. म्हणजे खेड्यातल्या शाळेपुरता या कलमाचा अर्थ सरळ आहे: एकही जागा रिकामी ठेवू नका.

पण मंत्रालयातून उत्तर येते ते सरासरीचे. समजा, एखाद्या जिल्ह्यात नऊ टक्के पदे रिकामी आहेत. कागदावर जिल्हा कायद्यात बसला. प्रत्यक्षात त्या नऊ टक्क्यांचा भार शहरालगतच्या शाळांवर पडत नाही. तो पडतो घाटाखालच्या, धरणापलीकडच्या आणि पाड्यांवरच्या शाळांवर, कारण बदलीत शिक्षकाची पसंती रस्ता पाहून ठरते. (त्यात शिक्षकाला दोष देण्यात अर्थ नाही. तहसीलदारही तसेच करतात.)

त्याच कायद्याच्या कलम २५ आणि त्याला जोडलेल्या परिशिष्टाप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हवेत. तरी यू-डायस या केंद्र सरकारच्या शाळांविषयीच्या माहितीसंचाच्या २०२४-२५च्या आकडेवारीत देशात एकशिक्षकी शाळा एक लाखाहून जास्त आहेत आणि महाराष्ट्रात त्या आठ हजारांच्या वर आहेत. एकशिक्षकी शाळेत गुरुजी प्रशिक्षणाला गेले, तालुक्याला टपाल द्यायला गेले किंवा तापाने पडले, की शाळा शेजारच्या गावातून उसन्या आणलेल्या शिक्षकावर चालते, नाहीतर चालतच नाही. चार इयत्ता एका खोलीत बसवून शिकवणारे नामांकित शिक्षक आपल्याकडे आहेत, त्यांचे सत्कारही होतात. त्या सत्कारात दुसऱ्या शिक्षकाची रिकामी जागा झाकली जाते, हे कोणी लक्षात घेत नाही.

मुद्दा २. जागा रिकामी होते म्हणजे काय होते, हे गावाला कळत नाही

एक शिक्षक निवृत्त झाला. पालकांना वाटते, आता दुसरा येईल. दोन जत्रा होऊन जातात, तरी येत नाही. सरपंच गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटतात. ते सांगतात, ‘वरून भरती नाही.’ या ‘वरून’ शब्दात किती पायऱ्या दडलेल्या आहेत, ते एकदा मोजून पाहावे.

पहिली पायरी संचमान्यता. पटावरच्या मुलांवरून शाळेला किती शिक्षक मंजूर, ते ठरते. मुलाचे आधार जुळत नसेल तर ते वर्गात बसलेले असूनही हिशेबात धरले जात नाही, हा घोळ गेली काही वर्षे मुख्याध्यापकांच्या डोक्याला ताप झाला आहे. संचमान्यतेत पदच कमी झाले, तर जागा रिकामी राहतच नाही. ती नाहीशी होते. १५ मार्च २०२४च्या शासन निर्णयाने संचमान्यतेचे निकष बदलले, तेव्हा सहावी ते आठवीच्या लहान वर्गांची पदेच जातील, अशी तक्रार घेऊन शिक्षक संघटना उभ्या राहिल्या त्या याचसाठी. मंजूर पद कमी करून रिक्त पदांची टक्केवारी सुधारता येते, हे त्यांनी बरोबर ओळखले होते.

दुसरी पायरी अतिरिक्त शिक्षकांचे समायोजन. तिसरी बदल्या, जिल्ह्यातल्या आणि आंतरजिल्हा. चौथी बिंदुनामावली: कोणत्या प्रवर्गाची कोणती जागा, याचे रजिस्टर मागासवर्ग कक्षाकडून तपासून आणायचे. हे रजिस्टर वर्षानुवर्षे अद्ययावत नसेल तर तिथेच घोडे अडते. पाचवी पायरी शिक्षकभरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर जाहिरात, मग उमेदवारांचे प्राधान्यक्रम, यादी, कागदपत्रांची तपासणी आणि शेवटी जिल्हा परिषदेत समुपदेशन, म्हणजे कोणाला कुठली शाळा.

बदल्यांच्या पायरीवर कोकणाने काय भोगले, ते थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि पालघरमध्ये मराठवाडा-विदर्भातून निवडून आलेले तरुण शिक्षक रुजू होतात, काही वर्षे काढतात आणि आंतरजिल्हा बदलीने घराकडे परततात. घराकडे जावेसे वाटणे स्वाभाविक आहे, बदलीचा नियमही त्यांनी केलेला नाही. पण एकाच वेळी मोठ्या संख्येने शिक्षक कार्यमुक्त झाले की डोंगरातल्या शाळांना एका आठवड्यात कुलूप लागायची वेळ येते. मग तात्पुरते कोणी नेमा, शेजारचा शिक्षक तीन दिवस इकडे पाठवा, अशी मलमपट्टी होते. स्थानिक डीएड झालेली मुले ‘आम्हाला घ्या’ म्हणून जिल्हा परिषदेसमोर बसतात. तो प्रश्न घटनेतल्या समान संधीशी भिडतो, त्यामुळे त्याला सोपे उत्तर नाही. मात्र बदल्यांचे आदेश निघण्याआधी कुठल्या शाळा रिकाम्या होणार, याची यादी त्या तालुक्याला आठ दिवस अगोदर वाचून दाखवायला घटना आड येत नाही.

मागणी साधी आहे. शाळानिहाय तक्ता: मंजूर पद, हजर शिक्षक, जागा कधीपासून रिकामी आणि वरच्या पाचांपैकी कोणत्या पायरीवर अडली. आकडे सगळे खात्याच्या संगणकात आहेत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे अशी माहिती कोणी न मागता जाहीर करणे हे कार्यालयाचे कर्तव्यच आहे.

मुद्दा ३. भरतीला पंचांग नाही

लोकसेवा आयोग चुकतमाकत का होईना, परीक्षांचे वार्षिक वेळापत्रक जाहीर करतो. शिक्षकभरतीला असे वेळापत्रक नाही. मागच्या तारखाच बोलक्या आहेत.

ऑक्टोबर २०११मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली, बोगस पट उघडा पडला. २ मे २०१२ला शिक्षकभरतीवर बंदी आली. डिसेंबर २०१३मध्ये पहिली टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, झाली. शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी, जिला सगळे टेट म्हणतात, ती पहिल्यांदा झाली डिसेंबर २०१७मध्ये. तिच्यावरच्या नेमणुका सुरू व्हायला २०१९ उजाडले. पुढच्या वर्षी करोना आणि त्याबरोबर वित्त विभागाची भरतीबंदी. दुसरी अभियोग्यता चाचणी फेब्रुवारी-मार्च २०२३मध्ये. तिच्यावरच्या भरतीची जाहिरात फेब्रुवारी २०२४मध्ये आली, एकवीस हजारांहून जास्त जागांची. तिसरी चाचणी २०२५च्या मध्यावर.

हे एका माणसाच्या वयात मोजा. २०१०मध्ये विसाव्या वर्षी डीएड झालेला मुलगा २०२४ची जाहिरात वाचताना चौतिशीत आहे. त्याच्या काळात राज्यात डीएड विद्यालयांचे पेव फुटले होते. बारावीनंतर दोन वर्षांत नोकरी, या आशेने शेतकऱ्यांच्या आणि विशेषतः मुलींच्या घरांनी पैसे घातले. नंतर विद्यालये बंद पडत गेली आणि पदविका भिंतीवर राहिल्या. पुण्याच्या शिक्षण आयुक्तालयासमोर उन्हात बसलेली मुले-मुली आपण बातमीत पाहतो, ती हीच. दोन चाचण्यांच्या मधल्या काळात ती शिकवण्या घेतात, पतसंस्थेत वसुली करतात, दुकान टाकतात. इतक्या वर्षांनी वर्गात उभे राहिल्यावर अध्यापनाचे काय उरले असेल, हा प्रश्न कुठल्याही चाचणीत विचारला जात नाही.

निवृत्तीच्या तारखा दहा-वीस वर्षे आधी ठाऊक असतात. म्हणून कोणता शिक्षक केव्हा जाणार, याचा अंदाज बांधायला ज्योतिषी लागत नाही. दरवर्षी संचमान्यता अमुक तारखेला, जाहिरात अमुक महिन्यात, नेमणूक १५ जूनच्या आत, असे पंचांग नियमात घातले आणि चुकल्यास विधिमंडळात लेखी कारण देणे बंधनकारक केले, तरी बरेच काही सुधारेल.

मुद्दा ४. मानधन नावाचा पगार

जागा भरत नाही तेव्हा खाते ती ‘तात्पुरती’ भरते. जुलै २०२३मध्ये निवृत्त शिक्षकांना महिना २०,००० रुपयांवर परत बोलावण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर २०२४मध्ये कमी पटाच्या शाळांतल्या दोन शिक्षकांपैकी एक जागा १५,००० रुपयांवर कंत्राटी भरण्याचा निर्णय आला. विरोध झाला, तेव्हा वीस पटाची अट दहावर आणली गेली. आणि जो उमेदवार टीईटी व अभियोग्यता चाचणी दोन्ही पार करून रीतसर निवडला जातो, तो आधी तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’. २०००पासूनची ही योजना. प्राथमिकला अलीकडेपर्यंत महिना ६,००० रुपये होते, १ जानेवारी २०२३पासून १६,००० झाले.

आकडे शेजारी ठेवा. निवृत्तिवेतन घेणाऱ्याला वीस हजार, परीक्षा उत्तीर्ण झालेल्या नव्या शिक्षकाला सोळा हजार. हे कोणी मुद्दाम केले नसेल. दोन टेबलांवर दोन फायली चालल्या असतील. पण सभेत हे दोन आकडे एकामागोमाग वाचले असते, तर कोणीतरी हात वर केला असता.

इथे जोतिराव फुले आठवतात, आणि ते जयंतीच्या भाषणातले फुले नव्हेत. १९ ऑक्टोबर १८८२च्या निवेदनात त्यांनी शिक्षणाच्या चौकशीसाठी नेमलेल्या हंटर आयोगापुढे प्राथमिक शिक्षणाची बाजू मांडली. त्यात तत्त्वज्ञानाइतकेच व्यवहाराचे बोलले. शिक्षक प्रशिक्षित हवा, शक्यतो शेतकरी समाजातला, त्या समाजात मोकळेपणाने मिसळणारा हवा. त्याचा पगार महिना १२ रुपयांच्या खाली नको, मोठ्या गावात १५-२० हवा. जाहीर चौकशीसमोर नेमणूक कोणाची आणि पगार किती, हे रोखठोक सांगणारा हा माणूस. त्यांच्या नावाने आपण पुरस्कार देतो, पण त्यांनी मांडलेला विषय पुरस्काराच्या व्यासपीठावर चालत नाही.

मुद्दा ५. अंधारात बाजार भरतो

टीईटीच्या २०१९च्या परीक्षेत पैसे घेऊन निकाल बदलल्याचे प्रकरण पुणे पोलिसांनी २०२१च्या अखेरीस बाहेर काढले. पुढच्या ऑगस्टमध्ये सात हजारांहून जास्त उमेदवार बाद झाले. २०२५मध्ये नागपूर विभागात बोगस शालार्थ आयडीचे (शिक्षकाच्या पगारासाठी लागणाऱ्या क्रमांकाचे) प्रकरण आले: रीतसर मान्यता नसलेल्या शेकडो नावांवर सरकारी तिजोरीतून पगार निघत असल्याचा आरोप, अधिकाऱ्यांना अटक, विशेष तपास पथक. खासगी अनुदानित संस्थांत ‘जागेचा भाव’ काय चालला आहे, हे तर लग्नाच्या पंगतीतही बोलले जाते. मुलाखतीशिवाय गुणवत्ता यादीने भरती करण्यासाठीच ‘पवित्र’ आले, पण खासगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय ठेवावा लागला.

शाळेच्या दारात नाव, पद, नेमणुकीची तारीख आणि मान्यतेचा क्रमांक लावलेला असता, तर नसलेल्या शिक्षकाचा पगार इतकी वर्षे काढणे जड गेले असते. गावात कोण शिकवतो आणि कोण नाही, हे चहाच्या टपरीवरही माहीत असते.

मुद्दा ६. एक रिकामी चौकट

ऑगस्ट २०२२मध्ये राज्याने ‘आपले गुरुजी’ म्हणून वर्गात शिक्षकांचे फोटो लावायला सांगितले. आपल्या जागी दुसऱ्यालाच पाठवणाऱ्या शिक्षकांना चाप बसावा, हा हेतू. शिक्षकांना तो अपमान वाटला, आणि त्यांचे चुकले असे म्हणवत नाही. मी त्या भिंतीत एक भर सुचवतो. जिथे पद मंजूर आहे आणि माणूस नाही, तिथे रिकामी चौकट लावावी. खाली लिहावे: पदवीधर शिक्षक, गणित-विज्ञान, रिकामे अमुक तारखेपासून, भरण्याची जबाबदारी अमुक पदावर. शिक्षकावर नजर ठेवायला भिंत चालते, तर नेमणूक करणाऱ्यावरही चालावी.

आता सभांकडे येऊ. कायद्याने ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायच्या असतात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक, निम्म्या महिला, अध्यक्ष पालकांतून आणि मुख्याध्यापक सचिव. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २२ या समितीला शाळा विकास आराखडा करायला सांगते; किती शिक्षक लागतील, हा त्या आराखड्यातला विषय आहे. कागदावर यापेक्षा अधिक लोकशाही व्यवस्था मागूनही मिळणार नाही. व्यवहारात आराखडा मुख्याध्यापक एकटे बसून ऑनलाइन भरतात, समितीच्या सह्या घरोघर जाऊन घेतल्या जातात, आणि ग्रामसभेत शाळेचा विषय आलाच तर कंपाउंड, पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह यांवर संपतो. बांधकामाला निधी असतो, ठेकेदार असतो, म्हणून त्याला बोलणारे तोंड असते. रिकाम्या जागेला ठेकेदार नाही.

सभा अशी घ्यावी. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत मुख्याध्यापकांनी शाळेचा तक्ता वाचायचा. विषयपत्रिकेवर तो पहिला, प्रोत्साहनपर बक्षिसांच्या आधी. ठराव झाला की त्याची प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना जाते. दिवाळीनंतर तालुक्याची एक सुनावणी: शिक्षणाधिकारी, सभापती आणि रिकाम्या जागा असलेल्या शाळांचे समिती अध्यक्ष समोरासमोर. भाषण नाही, हार नाहीत. एकेका शाळेचे नाव घ्यायचे, उत्तर लिहून घ्यायचे. राजस्थानात मजूर किसान शक्ती संघटनेने १९९४पासून जनसुनावण्या घेतल्या, त्यात गावाच्या कामांची हजेरीपत्रके आणि बिले मोठ्याने वाचली. वाचायला लागल्यावरच कळले की मेलेल्या माणसांच्या नावावर मजुरी निघाली आहे. आपल्याला ही पद्धत परकी नाही. रोजगार हमीच्या सामाजिक अंकेक्षणात ती कायद्यातच आहे.

चांगले कार्यक्रम झालेच नाहीत, असे नाही. काही वर्षांपूर्वीची ‘शिक्षणाची वारी’ मला आवडली होती. तिथे शिक्षक स्टॉलवर उभे राहून आपली साधने दाखवत होते, दुसऱ्या जिल्ह्यातले शिक्षक वहीत उतरवून घेत होते, मंत्री हिंडून पाहत होते. शिकणाऱ्यांची जत्रा असावी तर अशी. तिच्या दारात रिकाम्या जागांचा एक फलक हवा होता, इतकेच.

मुद्दा ७. आराखडे आणि मेची सुट्टी

धोरणावर लोकांचे मत घेण्याची आपली रीत पाहण्यासारखी आहे. शालेय शिक्षणाच्या राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा मे २०२४मध्ये जाहीर झाला आणि हरकतींसाठी जूनच्या सुरुवातीपर्यंतची मुदत मिळाली. शाळा बंद, शिक्षक गावी, पालक लग्नसराईत, आणि हातात शेकडो पानांचा दस्तऐवज. मनुस्मृतीतल्या श्लोकावरून वाद उठला म्हणून निदान तेवढी चर्चा झाली. बाकीची पाने कोणी उघडली, हे विचारू नये.

याच्या उलट २०२५. पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीचा १६ एप्रिलचा निर्णय, जूनमधला सुधारित निर्णय, त्यावर उठलेले रान, २९ जूनला दोन्ही निर्णय मागे, ५ जुलैला वरळीत ठाकरे बंधूंचा मेळावा, आणि भाषाधोरणासाठी नेमलेल्या नरेंद्र जाधव समितीने वेगवेगळ्या शहरांत जाऊन ऐकलेली मते. शिक्षणाच्या प्रश्नावर लोक रस्त्यावर येतात, सरकार माघार घेते, समिती फिरते, हे सगळे शक्य आहे, याचा हा पुरावा. मराठीसाठी झाले ते योग्यच झाले. पण पहिलीच्या वर्गात मराठी शिकवायला शिक्षक आहे का, हा प्रश्न त्याच मांडवात कोणी विचारला असता, तर भाषेचे आंदोलन शाळेच्या दारापर्यंत पोहोचले असते.

जाता जाता आणखी एक. विधान परिषदेत शिक्षक मतदारसंघाचे सात आमदार बसतात. राज्यघटनेच्या कलम १७१प्रमाणे त्यांचे मतदार माध्यमिक आणि त्यावरचे शिक्षक. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला तिथे मत नाही. खासगी शाळांच्या अनुदानाच्या टप्प्यासाठी आझाद मैदान भरते, त्यावर सभागृहात रात्री उशिरापर्यंत चर्चा होते, आणि ते व्हावेच. पहिली ते पाचवीच्या रिकाम्या वर्गासाठी सभागृहात बोलणे मात्र कोणाच्याच मतपेटीला जोडलेले नाही.

मुद्दा ८. सुधारणेतल्या नोकऱ्या

शाळासुधारणा हे आता स्वतंत्र नोकरीचे क्षेत्र झाले आहे: फेलोशिप, प्रकल्प समन्वयक, मूल्यमापन तज्ज्ञ, सरकारी कार्यक्रमाचे व्यवस्थापन पथक. १९९५मध्ये मुंबईच्या वस्त्यांत सुरू झालेल्या ‘प्रथम’पासून २००९च्या ‘टीच फॉर इंडिया’पर्यंत अनेक संस्थांनी तरुणांना शाळेच्या दारात आणले, हे मोलाचे काम. तक्रार जाहिरातींबद्दल आहे. त्या इंग्रजीत येतात, महानगरातल्या समाजमाध्यमांवर फिरतात आणि व्यवस्थापनाची पदवी मागतात. वीस वर्षे बहुवर्ग शिकवलेल्या नंदुरबारच्या बाईंना त्या दिसतही नाहीत. सरकारशी करार करून सरकारी शाळांत काम करणाऱ्या संस्थांनी आपली पदे मराठीतून, जिल्ह्याच्या वर्तमानपत्रात जाहीर करावीत, ही अट करारातच घालता येईल. आणि खात्याने आपले घर पाहावे: राज्यात शाळांच्या गटांची ४,८६० केंद्रे आहेत, शाळेला भेट देऊन शिक्षकाशी अध्यापनावर बोलणारा केंद्रप्रमुख हाच सुधारणेचा खरा हुद्दा, त्याची विभागीय परीक्षा २०२३मध्ये जाहीर होऊनही लांबतच गेली. बाहेरचा तज्ज्ञ भाड्याने आणायचा आणि घरातली जागा प्रभारींवर चालवायची, हा उफराटा कारभार आहे.

मुद्दा ९. हरकती

पहिली हरकत खात्याची: मुलेच कमी होत आहेत, शिक्षक किती नेमायचे? हे खरे आहे. वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा हजारांहून जास्त शाळा राज्यात आहेत. २०१७मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना दुसरीकडे पाठवण्याचा प्रयत्न झाला. नंतर लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विचार आला, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणे पुढे केली गेली. काही ठिकाणी समूह शाळा चांगली ठरेल, हे मी नाकारत नाही. बस रोज आली, पावसाळ्यात आली, आणि सहा वर्षांच्या मुलीला सोबत मिळाली तर. पण क्रम उलटा होऊ नये. शिक्षक नाही म्हणून पालक मूल काढतात, मूल काढले म्हणून पट घसरतो, पट घसरला म्हणून पद जाते. या चक्रात पहिला धक्का कोणी दिला, ते तारखांच्या तक्त्याशिवाय ठरवता येणार नाही.

दुसरी हरकत पालक आणि मुख्याध्यापकांची: रिकामी चौकट भिंतीवर दिसली की उरलेली मुलेही इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसतील. ही भीती मला खरी वाटते. तरी पालक चौकट पाहून मूल काढत नाही. मूल घरी आल्यावर ‘आज काय शिकवलं’ विचारतो आणि चार दिवस तेच उत्तर ऐकतो, तेव्हा काढतो.

तिसरी हरकत सर्वांत वजनदार, आणि ती शिक्षकांची आहे. शाळेचा विषय ग्रामसभेत आणला की गटबाजी येईल. रिकाम्या जागेचा जाब अधिकाऱ्याला विचारायच्या ऐवजी समोर बसलेल्या एकट्या बाईंना विचारला जाईल: तुम्ही उशिरा का येता, मुख्यालयी का राहत नाही. खेड्यात काम केलेला कोणीही हे हसण्यावारी नेणार नाही. म्हणून तक्ता वाचण्याचा विषय फक्त पदांचा ठेवावा, हजर शिक्षकाच्या कामाची चर्चा त्या सभेत नियमानेच बंद असावी, आणि उत्तर द्यायला तालुक्याचा अधिकारी हजर असल्याशिवाय विषय घेऊच नये. अधिकारी आला नाही, तर तसे इतिवृत्तात लिहून विषय पुढच्या सभेला. गैरहजेरीची नोंद चार सभांत लागली की ती बोलू लागते.

सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५च्या निकालानंतर रिकाम्या जागांच्या प्रश्नाला आणखी धार आली आहे. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवकाश असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचे आहे. त्यातून काही जागा रिकाम्या होतील, हे उघड आहे. त्या किती आणि कुठल्या शाळांत, याची तयारी आजपासून झाली नाही, तर मुदत संपल्यावर पुन्हा ‘तात्पुरते’ शिक्षक शोधत फिरावे लागेल.

मुद्दा १०. आता काय करावे

सरकार तक्ता लावेपर्यंत थांबायचे कारण नाही. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष किंवा कुठलाही पालक पाच गोष्टी लेखी मागू शकतो. चालू वर्षाच्या संचमान्यतेत आमच्या शाळेला मंजूर पदे किती. हजर किती. रिकाम्या पदाची तारीख. ते पद ‘पवित्र’वर जाहिरातीसाठी कळवले का, कळवले असल्यास केव्हा, नसल्यास कोणत्या कारणाने. आणि कलम २६ची मर्यादा या शाळेत पाळली जाते का. आधी ग्रामसभेचा ठराव करावा, कारण ठरावामागे गाव असते. ठरावाला उत्तर आले नाही, तर जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागातल्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज. शुल्क १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तेही नाही. उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्जात एकच विषय असावा लागतो आणि तो साधारण दीडशे शब्दांत मांडावा लागतो. वरचे पाच प्रश्न त्यात सहज बसतात.